शहरबसला नवं रूप द्यायचंय? या घ्या सूचना

शहरबसच्या रंगरूपाच्या समितीवर तुमची वर्णी लागली म्हणता? अभिनंदन!

आधी लोगो. वाघ, कापसाचं बोंड, संत्रं, किल्ला आणि उगवता सूर्य एकाच गोलात कोंबा. जागा उरलीच तर बस काढा.

रंग दर निवडणुकीनंतर बदला.

नागपूरच्या मेट्रोची नक्कल मात्र नको. एक मार्ग ऑरेंज, दुसरा ॲक्वा, सीताबर्डीला गाडी बदला. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही जमतं. सगळ्यांना असं जमायला लागलं तर चौकशी खिडकीवाल्यांनी खेकसायचं कोणावर?

आता मुख्य मुद्दा, बसचा नंबर. तो दिसता कामा नये. सगळ्या बसला, खिडक्यांसकट, सराफाची जाहिरात चिकटवा. कुठे जाणार ते वहीच्या कागदावर स्केचपेनने लिहून काचेआड, हाराच्या मागे खोचा. वरच्या एलईडी पाटीवर 'आपले स्वागत आहे' फिरू द्या. परवा काकूला डोळे दाखवायला गावाहून शहरात नेलं. मी गोळ्या घ्यायला पलीकडे गेलो, ती थांब्यावर बसली. दवाखान्यासमोरून आमची बस आली, थांबली आणि निघूनही गेली. काकू जागची हलली नाही. म्हणाली, "काऊन बसू बाप्पा? ते तं वरातीची गाडी होती, नवरीचा फोटू होता तिच्यावर!" पुढच्या बसचा कंडक्टर वर आम्हालाच म्हणतो, बोर्ड वाचता येत नाही का? अहो, कुठं आहे बोर्ड? दाखवा!

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, ती निळी-चंदेरी होती म्हणतात. पुढे लाल आली आणि डोळ्यांत बसली. तीच काकू, मोतीबिंदू घेऊन, फाट्यावर धुळीत लाल ठिपका दिसला की पिशवी उचलते. तिच्यासाठी कोणी प्रेझेंटेशन केलं नव्हतं.

पुरे झाली थट्टा. नंबर लिहा! काळ्यावर पिवळा, हातभर मोठा, पुढे, मागे आणि दाराशी. जाहिरातीचे पैसे हवेत तर घ्या, पाठ द्या सराफाला, पण खिडक्या सोडा. दिवस मावळला की काचेवरच्या जाहिरातीच्या त्या जाळीतून आतल्या माणसाला स्वतःचा थांबा दिसत नाही, उतरायचं कुठं त्यानं? नव्या गाड्यांना नारळ फोडायला तुम्ही चारचाकीतून येता आणि चारचाकीतूनच जाता. एक दिवस त्या थांब्यावर उभे राहा, उन्हात, हातात पिशवी घेऊन, आणि ओळखून दाखवा आपली बस.