बारा व्होल्टची साक्ष

होडीच्या तळात पाणी साचतं, यात नवल काही नाही. पंख्याच्या शाफ्टभोवती थेंब थेंब झिरपतं, पावसाचं येतं, शिवाय कुठून येतं ते शेवटपर्यंत न कळणारं थोडंसं असतंच. नवल तेव्हा, जेव्हा ते पाणी बाहेर जात नाही. त्या रविवारी तळावरची फळी उचलली तर खालून माझाच चेहरा माझ्याकडे बघत होता. काळजीत दिसला. त्याच्यावर तेलाचा रंगीत तवंग, शेजारी तरंगणारं एक बूच, आणि खाली, हे पाणी बाहेर फेकणं ज्याचं काम तो बिल्ज पंप, ध्यानस्थ.

पंपाच्या स्विचला तीन जागा असतात. मधे बंद. एका बाजूला ‘ऑटो’, म्हणजे पाणी चढलं की त्यावर तरंगणारा खटका, फ्लोट, उचलला जातो आणि पंप आपला आपण चालू होतो. दुसऱ्या बाजूला ‘मॅन्युअल’, म्हणजे फ्लोटला न विचारता वीज थेट पंपाला. मी दोन्हीकडे दाबून पाहिलं. दोन्हीकडे सारखीच शांतता. आता ज्याचं डोकं ठिकाणावर आहे त्याला इथेच कळावं, की मॅन्युअलवरही पंप हलत नाही म्हणजे फ्लोटला सोडून बाकी ठिकाणी शोधायला हवं. पण फ्लोट हाताला लागत होता, बाकीचं लागत नव्हतं. माणूस संशय घेतो तो हाताला लागेल त्याच्यावरच.

तेव्हा पोटावर झोपून, डोकं खाली, पाय वर, खांद्यापर्यंत हात गार पाण्यात, अशा थाटात मी अर्धा तास फ्लोट वरखाली करत होतो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. माझा हात होता, एवढाच फरक. त्या झटापटीत छोटा स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि डुबुक करून दिसेनासा झाला. पाणी काळं होतं. जाऊ दे म्हटलं, पाणी उपसलं की सापडेल.

मग फ्यूज. तो शाबूत होता. तरी बदलला. फ्यूज बदलला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

शेवटी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. म्हणजे तिचं पोट भरलेलं. पंपाच्या दोन वायरी सोडवल्या, त्यांच्या टोकांवर 12.5. निकाल लागला: वीज दारापर्यंत येते आहे, पंपच आत घ्यायला उठत नाही. सबब पंप मेला. मी नवा आणला, जुना काढला, पुन्हा पोटावर झोपलो, वायरी जोडल्या, स्विच दाबला. नव्या पंपाने जुन्याची परंपरा जशीच्या तशी पुढे चालवली.

तेव्हा शेजारच्या होडीवरचे काका, जे सकाळपासून माझे तळवे बघत होते, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“व्होल्ट मोजलेस ते पंप जोडलेला असताना की सोडवलेला असताना?”

“सोडवलेला असताना. का?”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी जुना पंप बादलीभर पाण्यात बुडवला आणि त्याच्या वायरी थेट बॅटरीला टेकवल्या. मेलेल्या पंपाने माझ्या शर्टावर अशी काही चूळ भरली, की त्याच्या प्रकृतीबद्दल शंका उरली नाही.

भानगड अशी होती. मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. वायर गंजून तिची एखादीच तार धड उरली असेल, तरी मीटर तिच्यावरून चालत येतो आणि छातीठोकपणे सांगतो, बारा आहेत. तुंबलेल्या नळासारखंच ते. तोटी बंद असेपर्यंत आतला दाब अगदी व्यवस्थित. पंपाला मात्र दोन-तीन अँपिअर हवेत. त्याने तोटी उघडली की सगळं उघडं पडतं. आम्ही पंप जोडलेला ठेवून मोजलं. काकांनी स्विच दाबला आणि माझ्या डोळ्यांदेखत 12.5 चे 3 झाले.

आता चोर कुठल्या वायरीत? तांबडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मी तर तिला तीनदा पुसलंही होतं. काकांच्या सांगण्यावरून मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला लावलं, दुसरं पंपाच्या काळ्या वायरीला, आणि स्विच चालू. इथे शून्याच्या आसपास काहीतरी यायला हवं. आले नऊ. म्हणजे पंपाच्या तोंडचा घास परतीच्या वाटेवरच कोणीतरी खात होतं.

काळी वायर चाचपत गेलो तर ऐन तळाशी, पाण्याखाली, एक जोड. चिकटपट्टी गुंडाळलेला. टेपचं शेवटचं टोक नखाने सोडवता यावं म्हणून दुमडून ठेवलेलं. ही सवय मी एकाच माणसाची पाहिली आहे आणि तो आत्ता पोटावर झोपला होता. काकांना मी म्हटलं, “कोणी केलंय कोण जाणे.”

टेप उलगडला तर आत हिरवी पूड. वायर दोन बोटं कापली, आत तांबं काळं. आणखी चार बोटं, तरी काळं. टेपने पाणी अडवलं नव्हतं, साठवून ठेवलं होतं, आणि ते तारांमधून वर चढत गेलं होतं. अखेर अख्खी वायर बदलली, कल्हई केलेल्या तारांची घातली. जोड पाण्यापासून हातभर उंच घेतला, दाबून बसवला, वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी नळी चढवली. पंपही जुनाच परत बसवला. नवा आता आयुष्यभर ‘असू दे, लागेल’ या खात्यात.

स्विच दाबला. गुरगुर झाली आणि होडीच्या कुशीतून पाण्याची जाड धार बाहेर पडली. इतकं सुंदर दृश्य मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. थोडा वेळ तसाच बघत बसलो, मग स्विच ऑटोवर टाकला, पाणी उतरलं की आपोआप बंद होईल म्हणून फळी लावली आणि विजयी मुद्रेने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर लांबूनच एक दमलेली, घोगरी गुरगुर ऐकू आली. फळी उचलली. तळ जवळजवळ कोरडा, आणि त्यात पंप एकटाच रात्रभर हवा उपसत असलेला. फ्लोट वरच अडकला होता. त्याच्याखाली, पाचर मारावी तसा, माझा स्क्रू ड्रायव्हर.

पंप चालूच ठेवून बॅटरीला मीटर लावला. 10.9. या वेळी मात्र काकांना विचारायला गेलो नाही.