सुतक कुणी पाळायचं?

"त्सुनामीला साडेतीन महिने होत नाहीत तोवर नाचगाणी, आणि नावात 'एड' घातलं की झालं पुण्य," असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंय. लेख होता मार्च २०११च्या जपानमधल्या भूकंप-त्सुनामीनंतर झालेल्या एमटीव्हीच्या सोहळ्यावर; त्याच्या नावात त्या वर्षी 'एड', म्हणजे मदत, हा शब्द घातला होता. एवढ्या तिखट प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही.

आधी चूक कबूल. २०११चा एमटीव्ही जपानचा म्युझिक व्हिडिओ पुरस्कार सोहळा मी लेखात टोकियोत घातला होता. तो झाला २५ जूनला, टोकियोशेजारच्या चिबातल्या माकुहारी मेस्से या सभागृहात. पण तुम्ही केलेली ही दुरुस्ती माझ्याच पथ्यावर पडते. माकुहारी म्हणजे टोकियोच्या उपसागरात भराव घालून केलेली जमीन. ११ मार्चच्या भूकंपात त्या पट्ट्यात जमिनीतून चिखल वर आला. त्याच किनाऱ्यावरच्या उरायासुत रस्ते खचले, डिस्नेलँड महिन्याभराहून जास्त बंद राहिलं. म्हणजे सोहळा काही सुखरूप गावात बसून केलेला नव्हता.

आता सुतकाचं. जपानीत 'जिशुकु' म्हणतात, आपणहून आवरतं घेणं. त्या वसंतात हानामी, म्हणजे चेरीच्या झाडांखालच्या मैफली, ठिकठिकाणी रद्द झाल्या. सुमिदा नदीवरची जुलैतली आतषबाजी ऑगस्टअखेर ढकलली गेली. आपल्याकडे सुतक घरच्यांना असतं. तिथे ते अख्ख्या देशाने धरलं, आणि त्याचा फटका बसला ज्यांच्या घरी माणसं गेली त्याच प्रदेशाला. त्सुनामीचा तडाखा बसलेल्या इवाते प्रांतातल्या एका साके (तांदळाची दारू) उत्पादकाने एप्रिलमध्ये यूट्यूबवर येऊन विनवलं, की हानामी करा, आमची साके प्या, त्यानेच आम्हाला आधार मिळेल. (मला तरी त्या वर्षीचा सगळ्यात महत्त्वाचा जपानी व्हिडिओ हाच वाटतो. त्याला पुरस्कार कोण देणार!)

परदेशी कलाकार फुकुशिमाच्या अणुभट्टीतल्या अपघाताच्या धास्तीने दौरे रद्द करत होते. २०१०मध्ये ८६ लाखांवर परदेशी पाहुणे आले होते, २०११मध्ये जेमतेम ६२ लाख. अशा वेळी 'अवॉर्ड्स'च्या जागी 'एड' लिहून, रेड क्रॉससाठी पैसे जमवत सोहळा झाला. अमेरिकी गायिका लेडी गागा आली आणि जपानला यायला घाबरू नका म्हणाली. ती मिरवायला आली असेलही. पण त्या महिन्यात तिथे येऊन मिरवायला तरी कोण तयार होतं?

जपानच्या मदतीसाठी तिने विकलेल्या ब्रेसलेटबद्दलचा तुमचा टोमणा मात्र बिनबुडाचा नाही. टपालखर्च फुगवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत त्याच जूनमध्ये दावा दाखल झाला आणि पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. तिथे मी तिची वकिली करणार नाही. फक्त तो दावा ब्रेसलेटचा होता, माकुहारीचा नव्हे.