‘दोराला फडकं मारत बसले होते’ या 1 स्टार रिव्ह्यूला मालकाकडून उत्तर

नमस्कार सर,

रविवारी आमच्या झिपलाइनवर तुम्हाला घरच्यांसोबत उन्हात ताटकळावं लागलं त्याबद्दल माफी मागतो. मॅडमना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं केलं आणि आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने आकडा मोठ्याने वाचला, ही तर सरळसरळ आमची चूक. काटा आता तिकिटाच्या खोलीत आत नेलाय.

पण सर, तुम्ही लिहिलंय, "माणशी 700 रुपये घेतात आणि तासभर एक जण दोराला फडकं मारत लोंबकळत होता. साफसफाई आधी उरकता येत नाही? सेफ्टीच्या नावाने बोंब." हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा लांबलचक लिहितो. राग मानू नका.

ती साफसफाई नव्हती. माणूस पुलीला लटकून ज्यावरून पलीकडे जातो तो आमचा वायर रोप, म्हणजे तारेचा दोर, 12 मिलिमीटरचा, गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) आहे. असा दोर म्हणजे बारीक तारांचे पेड एकमेकांवर वळलेले असतात. त्यातली एखादी तार तुटली की कुसळासारखी बाहेर येते, आणि लांबून ती कुणाच्या बापाला दिसत नाही. सुती फडकं दोराभोवती धरून सावकाश सरकवलं की त्या कुसळात ते अडकतं, धागा ओढला जातो. उघड्या हाताने बघायला गेलं तर तीच तार तळव्यात घुसते. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे, दाखवेन. हे फडकं आमच्याकडे रोज सकाळी साडेआठला फिरतं. मग वाळूचं पोतं सोडतो, मग आमचाच माणूस जातो, त्यानंतर पहिलं तिकीट फाडतो.

मग भर दुपारी पुन्हा कशाला? तुमच्या पुढच्या ग्रुपमधली एक मुलगी पलीकडे उतरल्यावर म्हणाली, "काका, मध्येच काहीतरी खरखरलं." एवढंच. तिच्या घरच्यांनीही ते मनावर घेतलं नाही. मी लाइन बंद करायला सांगितली. 310 मीटर दोर, त्यावर माणूस पुलीला अडकवून मागून दोरीने थोडा थोडा सोडायचा आणि परत ओढून घ्यायचा, हे पाच मिनिटांचं काम नाही. दोर स्वच्छ निघाला. पुलीचं बेअरिंग वाजत होतं. ती पुली बाजूला काढली, दुसरी लावली, पोतं सोडलं, माणूस सोडला. बंद 3:10, सुरू 3:52, रजिस्टरला सहीसकट आहे. म्हणजे 42 मिनिटं. तुम्ही तास लिहिलात. उन्हात 42 मिनिटं तासासारखीच जातात हे मला कळतं, पण लिहिताना तरी 42 लिहायला हवं होतं.

आमचं खरं चुकलं ते इथे: रांगेपाशी येऊन कुणी काही सांगितलं नाही. मी पलीकडच्या टोकाला होतो. पोरांना वाटलं, पुलीत आवाज आला म्हटलं तर लोक घाबरतील, पैसे परत मागतील. मागू देत. सांगायलाच हवं होतं.

2025 च्या जूनमध्ये मनालीला नागपूरची लहान मुलगी झिपलाइनवरून पडली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हापासून लोक विचारतात, पट्टा तुटणार नाही ना? विचारावंच. हार्नेसची, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांची, शिवण बघा, कॅराबिनरचं (पट्टा अडकवायच्या कडीचं) लॉक स्वतः दाबून बघा, एक निसटलं तर दुसरं धरेल असे दोन पट्टे आहेत का बघा. खांबाजवळ दोर वळवून परत बांधलेला असतो, तिथले क्लॅम्पही बघा. क्लॅम्पचा यू-बोल्ट, म्हणजे U सारखा वाकवलेला बोल्ट, दोराच्या वळवून आणलेल्या आखूड शेपटावर बसलेला पाहिजे. भार घेणाऱ्या बाजूवर बसवला तर तो तोच दोर चेपतो. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे आमची नोंदणी आहे, प्रमाणपत्र तिकीट खिडकीला काचेत लावलंय. तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत सर. ड्रोन शॉट मिळेल का, एवढं विचारलंत.

आता ‘उद्धट स्टाफ’बद्दल. तुम्ही म्हणालात, "मी ट्रेकर आहे, मला येतं," आणि हार्नेस स्वतः चढवलात. मांड्यांचे दोन्ही पट्टे सैल होते. पोरगा म्हणाला, "साहेब, हात लावू नका." एवढंच म्हणाला, मी त्याला तीनदा विचारलं. बावीस वर्षांचा आहे, गावातलाच आहे, बोलायची पद्धत जरा मावळी आहे. त्याला समजावलंय. पण पट्टे त्याने आवळले ते बरोबरच केलं, त्याबद्दल मी त्याला काही बोलणार नाही.

तुमच्या मुलाचं वजन 23 किलो भरलं. आमच्याकडे खालची मर्यादा 30 आहे. हलका माणूस दुसऱ्या टोकाला पोचत नाही, मागे घरंगळतो आणि दोर जिथे सर्वांत खाली येतो तिथे, नाल्याच्या वर, लटकून राहतो. त्यात दुपारनंतर धरणाकडून समोरून वारा. त्याला आणायला माणूस पाठवता येतो, पाठवतोही, पण रडणाऱ्या लेकराला तिथे ठेवायची माझी तयारी नाही. त्याचे 700 रुपये त्याच वेळी तुमच्या मोबाइलवर परत पाठवले आहेत. तेवढं रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्याचे चार महिने आमचं बंद असतं. सहा पोरांचे पगार उरलेल्या आठ महिन्यांत निघतात, आणि आताशा लोक स्टार बघूनच गाडी वळवतात.

रांगेवर शेडचं बघतोय. पाण्याचा माठ ठेवलाय. थांबण्याचं कारण सांगायचं, असंही पोरांना बजावलंय. पुन्हा आलात तर सकाळी साडेआठला या, फडकं तुमच्या हातात देतो.

आणि तुमचा गॉगल सापडलाय, काळ्या फ्रेमचा. तिकीट खिडकीवर ठेवलाय.

– मालक