सुवर्ण गुणोत्तर आणि चौरस खिडकी

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्यात चित्रकलेच्या शिक्षकाचा काहीही अपराध नसताना यंदा जिन्याजवळच्या खिडकीवर ‘निसर्गातील गणित’ चितारण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. गणिताच्या बाईंनी मला १, १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका समजावून दिली: आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. पिसाच्या फिबोनाचीने १२०२ साली ती सशांच्या पैदाशीवरून मांडली असली, तरी त्याआधीच आपल्याकडे जैन आचार्य हेमचंद्राने वृत्तांतील लघु-गुरू मोजताना ती सांगितली होती, हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, की नाही म्हणण्याची वेळ टळून गेली.

नमुन्यादाखल मी अननस आणला. त्याच्या डोळ्यांच्या तिरप्या ओळी एका बाजूने ८ आणि दुसऱ्या बाजूने १३ भरायला हव्यात. मी टाचण्या टोचून मोजल्या, तर एकदा १२ भरल्या, एकदा १४. तिसऱ्यांदा मोजण्याआधी घरात तो चिरला गेला. मग फुलांकडे वळलो. जास्वंद आणि सदाफुली पाच पाकळ्यांच्या, म्हणजे आज्ञाधारक. मोहरीने मात्र चारच पाकळ्या काढून मला बाईंसमोर तोंडघशी पाडले.

अखेर वाढत्या चौरसांतून फिरणारे वलय ठरले. त्याला १३ बाय ८ या प्रमाणाचा, म्हणजे जवळपास सुवर्ण गुणोत्तराचा (सुमारे १.६१८) आयत लागतो आणि आमची खिडकी चक्क चौरस, १०४ बाय १०४ सेंटिमीटरची. आठ सेंटिमीटरचे एकक धरून आयत बसवला, तर वर ४० सेंटिमीटरची पट्टी उरली. चाळीस म्हणजे पाच आठे आणि पाचही मालिकेतलाच, म्हणून बाई हरखल्या. मुख्याध्यापिकांनी तिथे ‘पाणी वाचवा’ लिहून घेतले.

काळ्या कार्डपेपरच्या कमानी कापून मागे रंगीत जिलेटीन कागद लावला, तो ओल्या डिंकाने तळलेल्या पापडासारखा आक्रसला. मग सारे पुन्हा दुहेरी टेपने केले. एवढे झाल्यावर बाईंनी अंगणातून पाहून वलय उलटे फिरते, अशी तक्रार केली. सूर्यफुलात ३४ वलये एका दिशेने आणि ५५ दुसऱ्या दिशेने जातात, तेव्हा निसर्गाला दोन्ही चालते, हा माझा बचाव त्यांना चक्क पटला.

उद्घाटनाच्या सकाळी शिपाईमामा झाडू टेकवून बघत उभे राहिले.

“सर, डासांची अगरबत्ती का?”

अगरबत्तीच्या वेटोळ्यांत अंतर सारखे असते, आपल्या वलयात ते दर वळणाला वाढत जाते, हे मी त्यांना खडूने फरशीवर काढून दाखवले. त्यांनी ते नीट निरखले.

“मग ही रात्रभर पुरायची नाही, सर.”