खुलासा: बर्फ वितळल्यावरचे मासे सोनार यंत्राशिवायही सापडतात

मिनेसोटात गळ टाकणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत मेसेज फिरतोय: ‘एप्रिलमध्ये ब्लूगिल, क्रॅपी खोल पाण्यातच असतात, सोनारशिवाय मिळत नाहीत.’ (ब्लूगिल, क्रॅपी हे गोड्या पाण्यातले मासे; सोनार म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र.) हे बरोबर नाही.

बर्फ गेल्यावर तळ्याच्या उत्तर काठाचे उथळ, काळ्या गाळाचे कोपरे आधी तापतात. दक्षिणेकडून येणारं ऊन तिथे थेट पडतं. किडे हलू लागतात, मागोमाग मासे. मी दोरीला थर्मामीटर बांधून पाहतो: उन्हाच्या दुपारी तिथलं पाणी मधल्यापेक्षा २-३ अंश गरम भरतं. जुन्या लव्हाळ्यापाशी, ३ फूट खोलीवर गळ सोडा. थंडी परतली की मासे जवळच्या खोल पाण्यात सरकतात, मेसेजमधलं एवढंच खरं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. सोनार घेण्यात नवख्यांचे शेकडो डॉलर विनाकारण जातात.