चॉकलेटच्या गोडासोबत काळी बिअर, पण बर्फगार नको

जेवणानंतर चॉकलेटचा केक किंवा मूस समोर आलं की लोकांना सोबत दोनच गोष्टी सुचतात, कॉफी नाहीतर रेड वाईन. कॉफीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कोरड्या रेड वाईनपेक्षा स्टाउट किंवा पोर्टर या काळ्या बिअर कितीतरी पटींनी बऱ्या, हे माझं ठाम मत आहे. वाईनही तुरट, डार्क चॉकलेटही तुरट. दोन्ही तोंडात एकत्र आले की वाईन आंबट लागते, चॉकलेट कडू लागतं आणि घसा कोरडा पडतो. दोघांचंही नुकसान!

काळ्या बिअरचं चॉकलेटशी जमतं, कारण दोघांचं गोत्र एक आहे: भाजणं. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून मग भाजतात. स्टाउटसाठी जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) किंवा नुसते जव भाजतात, आणि तेही कोकोपेक्षा बरेच कडक, २०० अंश सेल्सिअसच्या वर. दोन्हीकडे उष्णतेने साखर आणि अमिनो आम्लांची तीच प्रक्रिया होते, जिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली केलं. तो खमंग, किंचित करपट वास तिथून येतो. माल्ट पेट न घेऊ देता काळंकुट्ट भाजणं पूर्वी अवघडच होतं. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं आणि पोर्टरचा रंग नि चव दोन्ही बदलली. चॉकलेटप्रेमींनी या माणसाचे आभार मानायला हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोड पदार्थ बिअरपेक्षा फार गोड असेल तर बिअर मरते. गिनेस ड्राफ्ट ही आयरिश स्टाउट घ्या. ४.२ टक्के अल्कोहोल, कोरडी, हलकी. एरवी मला ती मनापासून आवडते, पण दाट गनाशच्या, म्हणजे क्रीम-चॉकलेटच्या थराच्या केकवर तिचा घोट घेतला की ती पाणचट आणि आंबट लागते. तिच्यासोबत कमी साखरेच्या डार्क चॉकलेटचा नुसता तुकडा ठेवा, मग बघा. केकला टक्कर द्यायची तर इम्पीरियल स्टाउटच हवी. अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जायची ती ही जात. आजही साधारण ८ ते १२ टक्क्यांची, अंगाने जड, न आंबलेली बरीच साखर पोटात राखून असलेली. ट्रफलचा, म्हणजे मऊ चॉकलेटच्या गोळीचा छोटा घास घ्या, चावू नका, टाळूला लावून विरघळू द्या. लोण्यासारखा थर जिभेवर पसरला की मग घोट घ्या. बुडबुडे तो स्निग्धपणा धुऊन काढतात, भाजल्याचा कडवटपणा गोडाला आवर घालतो, आणि मागे वाळलेल्या काळ्या मनुकांसारखं काहीतरी रेंगाळत राहतं. दुसरा घास पहिल्याइतकाच ताजा लागतो. वाईनसोबत मला हे कधीच मिळालं नाही.

हे सगळं बर्फगार बिअर मात्र एका फटक्यात घालवते. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या तोंडाच्या उबेला. वर थंडगार घोट ओतलात की ते पुन्हा घट्ट होतं आणि टाळूला मेणचट चिकटून बसतं. शिवाय थंडीत वास दबतो. त्यामुळे बाटली आधीच बाहेर काढून ठेवा आणि १० ते १३ अंशांच्या आसपास प्या. ग्लासही लहान घ्या. मोठ्या मगात ओतून गटागटा संपवायचं हे पेय नाही.

मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घालतात. बिअरच्या यीस्टला ते पचत नाही, म्हणून गोडी शिल्लक राहते. मिल्क चॉकलेट आणि मूससोबत ती छान. बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या स्टाउटला लाकडाचा व्हॅनिला असतो, तो कॅरमेल आणि अक्रोडाच्या ब्राउनीला शोभतो. बेल्जियन मठांच्या गडद बिअरमध्ये भाजकेपणा कमी आणि अंजीर-मनुकांची चव जास्त, ११.३ टक्क्यांची रोशफोर १० हे त्याचं उत्तम उदाहरण. सुकामेवा घातलेल्या डार्क चॉकलेटसोबत ती घेऊन बघाच. आणि क्रीक ही चेरीची आंबट बेल्जियन बिअर, तीही डार्क चॉकलेटला फार सुंदर उठाव देते.

चॉकलेटचा स्वाद घातलेली बिअर मात्र चॉकलेटच्या केकसोबत मला पटत नाही. सगळं एकसुरी होतं. उलट पांढऱ्या चॉकलेटला बरेच जण नाकं मुरडतात, कारण त्यात कोको बटर असलं तरी कोकोचा गर नसतो आणि म्हणून कडवटपणाही नसतो. नेमकी तीच उणीव इम्पीरियल स्टाउट भरून काढते. पांढऱ्या चॉकलेटच्या चीजकेकवर वर किंचित मीठ भुरभुरवा, सोबत तिचा छोटा ग्लास ठेवा. माझ्या मते या सगळ्यांत सरस जोडी हीच आहे.