आत्या, तो यज्ञ नाही, पाव आहेत

"गिझाच्या पिरॅमिडशेजारची ४६०० वर्षांपूर्वीची शिळा! व्याघ्रचर्म नेसलेली ऋषिकन्या यज्ञकुंडासमोर! वर लक्ष्मीची कमळं! तिथल्या राजाचं नाव रामसेस, म्हणजे राम! गोऱ्यांनी हे लपवलं!" हा मेसेज दोन महिन्यांत चौथ्यांदा आला. गप्प बसणार होतो. पण आत्याने तो नातीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घातलाय.

शिळा खरी आहे. नेफरतियाबेत नावाच्या राजकन्येची, इजिप्तचा राजा खुफू याच्या काळातली, गिझाच्या तिच्या थडग्यातली. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लपवायला भलतीच गर्दीची जागा निवडली म्हणायची.

आता ते यज्ञकुंड. राजकन्येसमोर एका पायाचं मेज आहे आणि त्यावर उभ्या पट्ट्या कोरल्यात. त्याच म्हणे ज्वाळा. हे पावाचे उभे चिरलेले अर्धे आहेत. मातीच्या साच्यात भाजलेला उंच पाव मधोमध कापून मेजावर ओळीने उभा करायचा, ही इजिप्तची ठरलेली चित्ररीत. प्राचीन इजिप्शियन भाषेचा अभ्यासक गार्डिनर याच्या १९२७च्या इजिप्शियन व्याकरणातली चित्रलिपीची चिन्हसूची उघडा, पावांचं हे मेज त्यात स्वतंत्र चिन्ह म्हणून दिलंय. शिवाय बाईंनी हात थेट त्या 'ज्वाळां'कडे नेलाय. होमात असा हात घालणारी ऋषिकन्या कोणत्या पुराणात आहे? बरं, भोवती मजकूरही कोरलाय: हजार पाव, हजार बीअर, पुढे बैल. मेलेल्या माणसाच्या 'का'ला, म्हणजे त्याच्या प्राणशक्तीला, खायला लागतं. नातेवाईक रोज आणून ठेवतीलच असं नाही, म्हणून जेवण दगडावर कोरायचं. कोरलं की ते कायमचं वाढलेलं. अख्ख्या शिळेवर देव एकही नाही. आहे ती जेवणाची, अत्तरतेलांची, काजळाची आणि उजवीकडे कापडांची यादी. पानावर बसलेल्या बाईला मेसेजवाल्याने होमाला बसवलं!

कमळं? तीही त्याच सूचीत सापडतात. देठासकट कमळाचं पान म्हणजे 'हजार' हा आकडा. लक्ष्मी नव्हे, हिशेब.

व्याघ्रचर्मावर ठिपके आहेत. आफ्रिकेत वाघ नसतोच, आणि बिबट्या कुठला नि वाघ कुठला हे जुन्नरच्या उसातलं शेंबडं पोरही सांगेल.

रामसेस या शिळेनंतर तेराशे वर्षांनी आला, त्याचा इथे संबंध शून्य. नावाची फोड रा-मेस-सु, 'रा'ने जन्म दिलेला. 'रा' म्हणजे सूर्यदेव, आणि 'म' पुढच्या 'मेस'चा, म्हणजे जन्माचा. थुतमोस या दुसऱ्या राजनावात तोच शब्द थोथ देवाला लागतो. तिथे कुणाला उचलणार?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात काळी मिरी सापडली, आणि ती दक्षिण भारतातलीच असणार. म्हणजे इ.स.पू. १२१३ च्या सुमारास आपला माल तिकडे पोचत होता, थेट नसेल, हातोहात. एवढा खरा पुरावा राजाच्या नाकात असताना पावाच्या ज्वाळा कशाला करायच्या?

आत्या, स्पर्धा शनिवारी आहे ना? तो परिच्छेद काढ आणि मिरी घाल.